नंबर पुसलेली चादर

दुसऱ्याच्या पोटातलं गोड बोलून काढून घ्यायचं, ते कागदावर वाळत घालायचं, आणि वर जेवायला बसल्यावर "आई, जरा मीठ सरकवता का?" म्हणायचं, या वागण्याला काय नाव द्यावं ते आक्काला सुचत नव्हतं. नाव न सुचणं ही तिच्या आयुष्यातली नवीनच गोष्ट होती. एरवी माणूस उंबऱ्याच्या आत यायच्या आधी तिच्याकडे त्याचं नाव तयार असे. धुलाईच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना चिकटलेली नावं तिनंच ठेवलेली. कुणी तोफ, कुणी चिमणी, कुणी अर्धी बादली. सुनेला मात्र लग्नाला चार वर्षं झाली तरी ती नुसती धाकटी म्हणायची. ही नक्की काय चीज आहे, याचा अंदाज अजून यायचा होता.

तो रविवारी दुपारी आला.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. शहरातल्या तीन दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे झगे सकाळी गाडीनं तिथं यायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ होऊन, घड्या घालून परत जायचे. आक्का तिथली मुकादम. तीस वर्षं झाली होती. शाळा दोन इयत्ता. वाचायला बसली की बोट अक्षराखाली ठेवून जुळवत जायची आणि जोडाक्षर आलं की जिना चढल्यासारखा दम खायची. पण चादर वाचावी तर तिनंच. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर काळ्या शाईनं दवाखान्याचा आणि वॉर्डाचा नंबर असतो, आणि पन्नास-साठ धुण्यांनंतर तो उडून जातो. असली बिननंबरी चादर आक्कासमोर यायची. काठाची शिवण बघून, ठिगळ चाचपून, औषधाचा पिवळा डाग उजेडाकडे धरून ती सांगायची, "ही मधल्या दवाखान्याची, बाळंतिणींची. पायाकडची बाजू बघ, तिथल्या पलंगाच्या खिळ्याला अडकून फाटते." तीस वर्षांत एक चादर चुकीच्या दवाखान्यात गेली नव्हती.

धाकटी कॉलेजात संशोधन करत होती. विषय असा की कष्टकरी बायका कामावर दुखणं कसं लपवतात. गेल्या वर्षी ती म्हणाली, "आई, तुमच्या बायकांशी बोलू का?" तेव्हा आक्काची छाती दोन बोटं फुगली होती, हे खोटं नाही. सून आपल्या शेडवर पुस्तक लिहिणार! आक्का स्वतः तिला हाताला धरून घेऊन गेली. चहाच्या सुट्टीत धाकटीनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. संमतीपत्र, प्रत्येकीचं चार पानांचं. ती वाचून दाखवायला लागली. दुसऱ्या पानावर बायकांना जांभया सुटल्या. मग आक्कानंच तिच्या हातातलं पेन ओढलं, आपल्या कागदावर सही ठोकली आणि म्हणाली, "घरची पोर आहे. करा सह्या, चहा गार होतोय."

दहा मिनिटांत आक्का धरून बावीस सह्या झाल्या. त्या शेडमध्ये तसंच चालायचं. आक्कानं नवी चप्पल घेतली की पुढच्या महिन्यात चौघींच्या पायात तसलीच चप्पल दिसायची.

"थँक्यू आई," धाकटी कागद गोळा करत म्हणाली. "तुम्ही नसता तर महिना गेला असता."

मॅनेजरनंही परवानगी दिली. तो काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि शेडमध्ये उतरला की नाकाला रुमाल लावायचा. त्याची अट एकच: अभ्यास पुरा झाला की एक प्रत त्याच्या टेबलावर आली पाहिजे.

तर रविवारी दुपारी ती प्रत जाड पुठ्ठ्यात बांधून घरी आली होती. धाकटीचा चेहरा नुसता फुलला होता. येत्या शुक्रवारी कॉलेजात जमा करायची आणि त्याच दिवशी मॅनेजरला द्यायची, असं ठरलेलं. जेवणं झाल्यावर ती टेबलाशी बसली, म्हणाली, "आई, चौथं प्रकरण ऐका. आमच्या मॅडम म्हणाल्या, सगळ्यात सुंदर हेच उतरलंय. नाव दिलंय 'सावली'."

सावली म्हटल्यावर आक्काच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

कारण सावली हा शेडमधला शब्द होता आणि तो केबिनच्या काचेपलीकडे कधी गेला नव्हता. ओल्या चादरी वाळवून कडक करायचा एक मोठा गरम रूळ असतो. दोघी बायका एका बाजूनं चादरीची टोकं धरून आत सोडतात, दोघी पलीकडून बाहेर घेतात. चिमणी डाव्या टोकाला असायची. तिला फिट यायची. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. चिमणी हे नाव तिला पडलं ते सतत गुणगुणायची म्हणून. गुणगुणणं मध्येच थांबलं आणि डावा अंगठा आपोआप हलायला लागला, की शेजारची बाई कोपरानं तिला रुळापासून मागं सारायची आणि स्वतः तिच्या जागी सरकायची. दुसरी तिला चादरींच्या ढिगावर अलगद निजवायची. रूळ थांबायचा नाही, चादर सुरकुतायची नाही. वर केबिनमधून पाहणाऱ्याला वाटावं, बायका पाळी बदलतायत. शेजारी उभं राहणाऱ्या बाईला शेडमध्ये सावली म्हणायचे. आज सावली कोण, तर अर्धी बादली. अकरा वर्षं चिमणीच्या बोटाला साधा चटका नव्हता.

धाकटी वाचत होती. "सहभागी क्रमांक सात ही सुमारे चाळीस वर्षांची डावखुरी स्त्री असून कामाच्या वेळी ती सतत गुणगुणते. दिवंगत बहिणीच्या मुलीचा ती एकटीनं सांभाळ करते. तिला अपस्माराचे झटके येतात. ही बाब तिनं व्यवस्थापनापासून अकरा वर्षं लपवून ठेवली आहे..."

"थांब," आक्का म्हणाली.

"पुढं तर खरी गंमत आहे, आई. तुमचंही आहे त्यात. क्रमांक एक."

"थांब म्हटलं ना. हे मॅनेजरला देणार तू?"

"हो. म्हणजे द्यावंच लागणार. तीच अट होती."

"तो चिमणीला दुसऱ्या दिवशी दारात उभी करणार नाही. मागल्या साली एकीनं मनगट दुखतंय हे लपवलं, तर लपवलंस म्हणून काढली तिला. ही तर फिट आहे, आणि तीही रुळाशी. बहिणीची पोर घेऊन ती कुठं जाईल?"

धाकटी हसली. त्या हसण्यानंच आक्काच्या अंगाची आग झाली. शिकलेलं माणूस अडाण्याला समजावताना हसतं ना, तसं हसणं.

"आई, नाव कुठंच नाहीये. सगळ्यांची नावं काढलीत. कारखान्याचंसुद्धा. नियमच आहे तसा."

"नंबर धुतला गेला म्हणून चादर कुठली ते कळत नाही होय?"

"काय?"

"डावखुरी. गुणगुणणारी. मेलेल्या बहिणीची पोर. अगं, हे ऐकून आमच्या गाडीचा ड्रायव्हर सांगेल कोण ती. मॅनेजर तर रोज वरून बघतो. त्याला तू पत्ता देतेयस, पत्ता! फक्त घराला कुलूप आहे असं सांगतेयस."

"तपशील दिले नाहीत तर वाचणाऱ्याला माणूस दिसतच नाही, आई. आणि तिनं स्वतः सांगितलंय मला. रेकॉर्डिंग आहे. सही आहे."

"तिनं तुला सांगितलं नाही. आक्काच्या सुनेला सांगितलं. ती तुझ्याशी बोलली ती माझ्याकडे बघून."

"म्हणजे मी फसवलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काय म्हणायचंय ते अजून ठरायचंय. ठरलं की तुला ऐकू येईल, काळजी करू नकोस."

मुलगा मध्ये बसला होता. त्याला लहानपणापासून दोन्हीकडे मान डोलवायची सवय. आई बोलली की इकडे, बायको बोलली की तिकडे. आक्का त्याच्यावर खेकसली, "मान मोडेल तुझी. एका बाजूला तरी ठेव."

"आई, तिनं दोन वर्षं घातलीत यात," तो पुटपुटला.

"आणि चिमणीनं अकरा."

धाकटीनं पुस्तक पिशवीत घातलं आणि पिशवीची चेन जरा जास्तच जोरात ओढली. "मी ते पान काढणार नाही. त्या बायका एकमेकींना कशा सांभाळतात हे जगाला कळायला नको? रुळाला थांबवायची दांडी नाही, हे कुणी लिहायचं? तुम्ही तीस वर्षं तिथं आहात, तुम्ही तक्रार केलीत कधी?"

हे वर्मी लागलं. लागलं म्हणूनच आक्का भांडी आपटायला लागली, आणि ती भांडी आपटायला लागली की घरातली मांजरसुद्धा पलंगाखाली जायची.

संध्याकाळी तिनं कपाटातून आपला संमतीपत्राचा कागद काढला. धाकटीनं प्रत्येकीला एक प्रत दिली होती. बाकीच्यांनी त्यात काय काय बांधून नेलं असेल कोण जाणे, आक्काची जपून ठेवलेली होती. दिव्याखाली बसून तिनं बोटानं वाचायला घेतलं. पहिली दोन पानं संपायला तास गेला. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिला पाहिजे ते सापडलं. सहभागी व्यक्ती कारण न सांगता कधीही माघार घेऊ शकते. तक्रार असल्यास नीतिमत्ता समितीशी संपर्क साधावा. खाली कॉलेजचा पत्ता.

"बघा," ती भिंतीला म्हणाली, "चांगलं तेवढं बारीक अक्षरात."

सोमवारी चहाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना गोळा केलं. शेडमध्ये बरं अक्षर एकीचंच, तिला सांगून एक कागद लिहून घेतला. आम्हा सगळ्यांना या पुस्तकातून काढा. का काढा ते आक्कानं दोन वाक्यांत सांगितलं. बायकांनी आधी चिमणीकडे पाहिलं, मग वर केबिनकडे. चिमणी कपातल्या चहाकडे बघत उभी होती. आक्कानं पहिली सही केली, पेन पुढं दिलं. दहा मिनिटांत बावीस सह्या.

मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून ती कॉलेजात गेली. समिती म्हणजे काही तरी मोठं दालन असेल, पाच-सात न्यायाधीश बसलेले असतील, असं तिच्या डोक्यात होतं. निघाली एक अरुंद खोली. छतापर्यंत फायली, आणि त्यांच्यामध्ये गार झालेल्या चहाचा कप घेऊन बसलेले एक पिकल्या केसांचे सर. समितीचे प्रमुख म्हणे.

"बसा," सर म्हणाले.

"बसायला आले नाही. नीतीवाले तुम्हीच का?"

"तसं म्हणतात खरं."

"मग हे काय चालवलंय?" आणि तिनं सगळं सांगितलं. आवाज बाहेरच्या पट्टेवाल्याला ऐकू जात होता. त्यानं दोनदा डोकावून पाहिलं. सरांनी फायलीतून धाकटीच्या पुस्तकाचा आधी आलेला मसुदा काढला, चौथं प्रकरण उघडलं.

"नावं तर नाहीत यात," ते म्हणाले.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

ते वाचत गेले आणि आक्का बोटं दुमडत गेली. क्रमांक तीन. "ही ओळखली." क्रमांक चार. "हीही." क्रमांक नऊ, जिचा नवरा दोनदा सोडून गेला. "ही तर पूर्ण उघडीच टाकलीय." क्रमांक सात. आक्का नुसती मान हलवत राहिली.

"कोण आहे ही सात?" सरांनी सहज विचारलं.

"तुम्हाला कशाला सांगू? तेच तर भांडण आहे!"

सर ओशाळले. चष्मा काढून पुसायला लागले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. या अभ्यासाला मंजुरी आम्हीच दिली. नावं काढली की झालं, असं समजून सही केली मी."

"सह्या करायला सगळेच पटाईत."

"शुक्रवारी तिची प्रत कुठंही जाणार नाही. ते मी आत्ता थांबवतो. तुमच्या सुनेला आणि तिच्या मॅडमना त्याच दिवशी बोलावून सांगतो. पण हा तुमचा कागद मला घेता यायचा नाही."

"का? बावीस सह्या आहेत त्याच्यावर!"

सरांनी दुसऱ्या फायलीतून संमतीपत्रांचा गठ्ठा काढून तिच्यासमोर ठेवला. वरचं पान आक्काचं होतं. "याही बावीस आहेत. एकाच दिवशी, एकाच पेनानं, सगळ्यांत वर तुमची. तुमचा आजचा कागदही तसाच आहे. बाई, मला सांगा, या दोन्ही वेळांना त्यांतल्या कुणाला नाही म्हणता आलं असतं का?"

आक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत!"

"तेच म्हणतोय मी. माघार घ्यायची तर प्रत्येकीनं आपली आपण घ्यायची. एकेकटीनं. कुणी शेजारी नसताना. एखादीला राहायचं असलं तर राहायचा तिला हक्क आहे."

"अशा बावळट बायका नाहीत माझ्याकडे."

"विचारून तर बघा," सर म्हणाले, आणि त्यांनी तिला बाकीच्या एकवीस जणींसाठी कोरे कागद दिले.

परत येताना आक्कानं वाटभर त्या माणसाला शिव्या घातल्या. केसांवरून, चष्म्यावरून, गार चहावरून. पण त्यानं विचारलेल्या प्रश्नावरून एकही शिवी सुचेना, आणि त्याचा राग तिला जास्त आला.

बुधवारी तिनं धुतलेल्या चादरींच्या खोलीत दोन स्टुलं मांडली. दार लावून घेतलं. एकेकीला आत बोलवायचं, कागद पुढं करायचा, आणि विचारायचं: तुला राहायचंय का निघायचंय? एवढंच. सांगायला सोपं वाटतं. पहिलीच आत आली ती अर्धी बादली.

"तुम्ही म्हणाल तसं, आक्का."

"मी काही म्हणत नाही."

"मग मी कसं सांगू?"

"तुझ्या डोक्यात काय आहे ते सांग."

"माझ्या डोक्यात तुम्ही काय म्हणाल हेच आहे."

आक्कानं कपाळावर हात मारला. पाव तास गेला. शेवटी ती बाई रडकुंडीला येऊन म्हणाली की तिच्या मुलाच्या शाळेत कुणी वाचू नये, म्हणून तिला निघायचंय. तिला मुलाच्या शाळेची एवढी धास्ती आहे, हे आक्काला आज कळलं.

तोफ आली ती उभ्याउभ्याच म्हणाली, "माझं राहू दे."

"काय?"

"माझं मनगट गेलंय या कामात. छापून येऊ दे. वाटलं तर नावासकट येऊ दे."

"अगं मूर्खे, मॅनेजर तुला..." आक्काचे शब्द ओठांवर आले होते. तिनं जीभ दाताखाली धरली, तीही खरोखरची, रक्ताची चव लागेपर्यंत. "बरं. इथं सही कर."

"काही बोलणार नाही तुम्ही?"

"बाहेर गेल्यावर बोलेन. सही कर आणि नीघ, नाही तर आतच बोलेन."

दोन दिवसांत असे सात कागद राहायचे जमले. सात! ज्या बायका तिला विचारल्याशिवाय साबणाचं पोतं फोडत नाहीत, त्यांच्यातल्या सात. तेरा निघाल्या. गुरुवारी संध्याकाळी एकच कागद उरला होता.

चिमणी आत आली तेव्हा गुणगुणत नव्हती. आक्काची नजर आधी तिच्या अंगठ्याकडे गेली. अंगठा शांत होता.

"मला निघायचंय," चिमणी बसायच्या आधीच म्हणाली. "सगळं काढा. रेकॉर्डिंगपण पुसा."

"बरं." आक्काला हायसं वाटलं. "सांगितलंस कशाला पण तिला?"

"ती विचारत होती." चिमणीनं सही केली. सावकाश, डाव्या हातानं. "आक्का, अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कुणी विचारलं, रुळाशी उभी राहताना कसं वाटतं. तुमच्या सुनेनं विचारलं. मग बोलत गेले. भान राहिलं नाही."

"कसं वाटतं म्हणजे?"

"भीती वाटते. रोज. सकाळी तोंडात घास जात नाही."

"अगं पण तुला मी तिथं ठेवली ती... तिथं वाफ असते, वरून नीट दिसत नाही. दोन्हीकडे बायका असतात. तुझ्याच भल्यासाठी ठेवली ना?"

"माहीत आहे."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

बाहेर कुणीतरी घड्यांची गाडी ढकलत नेली. तिचं एक चाक नेहमी किरकिरायचं. ते किरकिरणं शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं.

"कुठं जायचंय तुला?" आक्कानं विचारलं, आणि आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"मळक्या कपड्यांच्या खोलीत. वेगळं करायला."

"तिथं? तिथला वास कुणाला सहन होत नाही. शिक्षा झाली की बायका तिथं जातात."

"मला होतो. पडले तर चादरींच्या ढिगात पडेन. आणि तिथं दोघी असतातच, त्या बघतील."

आक्का उठली. मुकादम म्हणून पाळ्या लावणं तिच्या हातात होतं, मॅनेजरला विचारायची गरज नव्हती. "उद्यापासून," ती म्हणाली. चिमणी दारापर्यंत गेली आणि बाहेर पडता पडता तिचं गुणगुणणं सुरू झालं. आक्कानं दोन चादरी उलगडल्या, परत त्यांची घडी घातली, ती वाकडी आली.

शुक्रवारी दुपारी कामावरून परतली तर धाकटी स्वयंपाकघरात उभीच होती. रडून डोळे सुजलेले, पण ते रडणं आता वाळून कडक झालं होतं. मुलगा दाराशी घुटमळत होता, मान दोन्हीकडे.

"झालं समाधान?" धाकटी म्हणाली. "प्रबंध परत दिला मला. चौदा जणींचं सगळं पुसायचं म्हणाले. चौथं प्रकरण उरतच नाही. वर्ष गेलं माझं. घरातल्या माणसानं असं केसानं गळा कापावा!"

"चौदा बरोबर आहे. सगळे कागद मी आज सकाळी दिले."

"तुम्ही मला विचारलंत का, जायच्या आधी?"

"रविवारी सांगितलं होतं. तू हसलीस."

"मी त्या बायकांसाठीच करत होते ना! दांडी नाही रुळाला, उद्या एखादी जळाली तर..."

"तर दांडी नाही असं लिही! ठळक अक्षरात लिही, मी उभी राहते सही करायला. दांडी नाही हे लिहायला चिमणी कशाला लागते तुला? तिची बहीण कशाला लागते? डावा हात कशाला?"

"मला वाटलं, नावं काढली की..."

"तुला वाटलं. मला वाटलं. त्या चष्मेवाल्याला वाटलं. सगळ्यांना वाटलं, आणि जिचं होतं तिला कुणी विचारलं नाही."

धाकटी खुर्चीत बसली. मग एकदम वर बघून म्हणाली, "मी विचारलं होतं तिला. कसं वाटतं म्हणून. तुम्ही विचारलं होतंत कधी?"

आक्कानं पाण्याचा ग्लास भरला, एका दमात प्यायली, पालथा घातला.

"नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं नाही. तेवढं तुझं खरं. तेवढ्यासाठी तुला या घरात जेवायला मिळेल. आता माझं ठरलं काय म्हणायचं ते, तर ऐक. तू चोर नाहीस. चोराला निदान ठाऊक असतं की वस्तू दुसऱ्याची आहे. तुला वाटलं, तिनं तोंड उघडलं म्हणजे ते तुझं झालं, आणि सहीचा कागद हातात आहे म्हणजे ते विकायला मोकळं झालं. शिकून तू हे शिकलीस, आणि तिला न रडवता, न धमकावता, अगदी गोड बोलून केलंस, म्हणून जास्त वाईट. सोमवारी शेडवर ये. पुस्तक पुरं करायचं तर कर. सात जणी आहेत. एकेकीला बाजूला घेऊन चारही पानं वाचून दाखव, जांभया आल्या तर उद्या परत वाच, आणि नाही म्हणाली तर तोंड वाकडं न करता चालती हो. आणि मला विचारायला यायचं नाही. मी हो म्हटलं तरी ते एकट्या माझं हो आहे. दुसऱ्या कुणाचं धरायचं नाही."